न पाहिलेलं वळण

समोरून

चहाचा कप खिडकीच्या कट्ट्यावर टेकवून तिनं आधी ट्रेसिंग पेपरचा कोपरा तपासला. जाताना तिनं तो मुद्दाम नखानं घडी घालून ठेवला होता. आता तो सपाट होता. घडीची रेघ तेवढी उरली होती, आणि तीही कुणीतरी अंगठ्यानं दाबून बसवल्यासारखी दिसत होती.

शेजारच्या टेबलावर पाहुणा पेन्सिलीला टोक काढत बसला होता. ब्लेडनं, सावकाश, लग्नघरात सुपारी कातरणाऱ्या म्हाताऱ्याच्या निवांतपणानं.

"खिडकी उघडली होतीस का?" तिनं विचारलं.

"नाही."

"वारा आला असेल."

"बंद खिडकीतून?"

"मग माझा कागद हलला कसा?"

त्यानं टोकावर फुंकर मारली. "कागद तुझा आहे, फूटपट्टी. त्यालाच विचार."

फूटपट्टी हे तिचं वर्गानं ठेवलेलं नाव. पहिल्या वर्षी तिनं कॅन्टीनची खुर्ची बसायच्या आधी मोजली होती, तेव्हापासूनचं. त्याचं नाव पाहुणा, कारण तो तिसऱ्या वर्षाला दुसऱ्या कॉलेजातून आला. पहिल्या दिवशी स्टुडिओत जागाच नव्हती, तेव्हा कुणीतरी म्हणालं, पाहुणा आलाय, सरका जरा. सगळे सरकले. सर्वांत जास्त सरकावं लागलं तिला.

जागेचं एक वेळ ठीक होतं. पण विषयही तोच? या सत्राला मॅडमनी एकच काम दिलं होतं. निसर्गातली एक गोष्ट निवडा, ती बघत राहा, आणि तिच्याकडून शिकून माणसाच्या उपयोगाचं काहीतरी बनवा. कुणी शिंपला घेतला, कुणी मुंग्यांची रांग, एकानं आळसापायी दगड घेतला आणि तो सर्वांत जास्त अडकला. तिनं घेतली मागच्या आवारातल्या तारेच्या कुंपणावरची वेल. पानं नव्हे, फुलं नव्हे, वेलीचे तंतू. ते बारीक हिरवे दोरे, जे हवेत चाचपडत तार शोधतात, तिला विळखा घालतात आणि मग स्प्रिंगसारखी वेटोळी होऊन अख्ख्या वेलीचा भार सांभाळतात. तिला त्यावरून स्ट्रेचरचे पट्टे करायचे होते. खाचखळग्यातून नेताना आजारी माणसाला धक्का बसू नये म्हणून. तिनं हे वर्गात सांगितलं, बाकावर बसली, आणि तिच्यामागून पाहुणा उभा राहून म्हणाला, "मीपण वेलच घेतलीय. सायकलवरच्या ओझ्याचा पट्टा करेन म्हणतो."

कानामागून आली आणि तिखट झाली, ती म्हण कुणी केली असेल त्याला पाहुणा माहीत असणार.

सत्राअखेर मॅडम एकालाच आपल्या स्वतःच्या कार्यशाळेत घेत. वर्षभर, त्यांच्या टेबलाशेजारी. ती पहिल्या वर्षापासून त्या एका खुर्चीवर डोळा ठेवून होती. मोजून झाली होती तीही.


बाजूनं

"कागद हलला म्हणतेस," आत्या म्हणाली. "आणि शेजारी तो होता."

"तोच होता."

"आणि तू त्यालाच विचारलंस."

"मग कुणाला विचारू?"

आत्यानं कपाळावर हात मारून घेतला. ती विमा कंपनीत दावे तपासायची. जळालेली दुकानं, चोरीला गेलेल्या गाड्या, अचानक लंगडू लागलेली माणसं. आयुष्यभर खोटं वेचून वेचून तिची नजर अशी झाली होती की दारात पोस्टमन आला तरी आधी त्याचे बूट बघायची. घरातल्या साखरेच्या डब्यावर आतून बोटानं रेघ ओढलेली असायची. घरात राहायच्या दोघीच. रेघ कुणासाठी, हे भाचीनं कधी विचारलं नव्हतं.

"चोराला विचारून चोरी सापडत नाही गं बाई. त्याला खायला घालावं लागतं." आत्यानं ताट पुढं ओढलं. "एकदा एकानं गोदाम जळालं म्हणून दावा केला. मालाची यादी अगदी चोख. मी सहज म्हटलं, आणि ती लाल पत्र्याची पिंपं, तीही गेली का? म्हणाला, गेली हो, तीच तर सर्वांत महाग. लाल पिंपं मी मनानं घातली होती. कळलं?"

"म्हणजे मी काय करू?"

"खोटं बी पेर. ज्याच्या वावरात उगवेल, त्यानं तुझं पाणी चोरलं."

"मॅडम चिडतील. डोळ्यांनी पाहिलं तेवढंच हातानं काढायचं, असा त्यांचा नियम आहे. मागच्या वर्षी एकीनं पुस्तकातून मुंगी उतरवली, तर तिचं अख्खं सत्र गेलं."

"मॅडमना सांगायला कुणी सांगितलंय?" आत्या म्हणाली आणि मीठ मागितलं.

दुसऱ्या दिवशी तिनं मोठा कागद ताणला. सुरुवातीलाच तिनं वेलीवरचे काही तंतू कापून आणून मऊ बोर्डावर टाचून ठेवले होते. वाळून ते तपकिरी झाले होते, पण वेटोळी स्पष्ट होती. सगळी एकाच दिशेनं फिरलेली, स्क्रूच्या आट्यांसारखी. ती तसंच काढत गेली. अर्ध्यावर आल्यावर तिनं पेन्सिल थांबवली. एकदा शेजारी पाहिलं. मग मधे एक छोटा सरळ तुकडा काढला आणि तिथून पुढची सगळी वेटोळी उलट्या दिशेनं फिरवली.

एकाच दोऱ्याचा अर्धा भाग उजवीकडे वळलेला, अर्धा डावीकडे. दिसायला इतकं वेडगळ की तिला हसू आलं. असं वळण जगात कुठल्या स्प्रिंगला नसतं. तिनं रेघा गडद केल्या, वर ट्रेसिंग पेपर घातला, आणि कोपरा न दुमडता चहाला गेली.


वरून

पाहुणा डावखुरा आहे. खोकताना तोंड भिंतीकडे वळवतो. तिच्याकडे का वळवत नाही?

डबा एकटा खातो. कुणी विचारलं तर देतो, पण स्वतःहून विचारत नाही. हिशेबी.

आज त्यानं तिला खोडरबर मागितलं. त्याच्याकडे स्वतःचं होतं. ते तिनं टेबलाच्या दिव्याला टांगलेल्या छोट्या आरशात आधीच पाहिलं होतं.

आरसा कशाला, असं दगडवाल्यानं विचारलं. उजेड परावर्तित व्हायला, असं तिनं सांगितलं. तो म्हणाला, माझ्याही दगडावर पाड थोडा, बघू काही सुचतंय का.

रोज दुपारी पाहुणा मागच्या आवारात जातो. बराच वेळ येत नाही. येतो तेव्हा पॅंटला माती असते आणि आल्या आल्या काढायला बसतो. म्हणजे मधल्या वेळात कुठंतरी काहीतरी बघून आलेला असतो. कुणाचं?

तिलाही आवारात जायला हवं होतं. पण ती गेली तर टेबल उघडं पडणार. शिवाय तंतू टाचलेले होतेच की, डोळ्यांसमोर. वेल काही पळून जात नव्हती. माणूस पळतो.

तिच्या स्ट्रेचरचं मात्र बिनसलं होतं. तारेची वेटोळी करून तिनं पट्टे बनवले, खेळण्यातल्या बाहुलीला निजवून उचललं, आणि ओझं पडताच स्ट्रेचर हळूहळू गोल फिरू लागलं. स्प्रिंग ताणली की ती उलगडायला बघते, आणि उलगडताना खालच्या वस्तूला फिरवते. तिनं तार जाड केली, तरी फिरलं. बारीक केली, तर आणखी फिरलं. "पेशंटला जत्रेतल्या पाळण्यात बसवतेस का?" दगडवाला म्हणाला. तिनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि आरशात बघितलं. पाहुणा हसत नव्हता. तो तिच्या स्ट्रेचरकडे टक लावून बघत होता, आणि हसण्यापेक्षा ते जास्त संशयास्पद होतं.


छेद

परीक्षणाच्या दिवशी मॅडम नेहमीप्रमाणे खुर्ची न घेता टेबलाच्या कडेला टेकल्या. पाहुण्यानं पिशवीतून पट्टा काढला. तारेचा, वर सुताचं विणकाम. एक टोक त्यानं खुंटीला अडकवलं, दुसऱ्या टोकाला विटा बांधल्या आणि हात सोडला.

विटा खाली गेल्या, थोड्या वर आल्या, स्थिरावल्या. फिरल्या नाहीत. केसभरही नाहीत.

मॅडम उठल्या. पट्ट्याच्या मधोमध बोट ठेवून म्हणाल्या, "हे काय आहे?"

"इथं तो दिशा बदलतो," पाहुणा म्हणाला. "वरचा भाग एकीकडे फिरू बघतो, खालचा दुसरीकडे. दोन्ही एकमेकांना धरून ठेवतात."

"कुठून सुचलं?"

"वेलीवरनं."

तिनं पट्ट्यावरून नजर काढली नाही. राग आला होताच, पण त्याच्या तळाशी एक गार, गोड समाधान होतं; भिंगातून बघताना आकृती एकदम स्पष्ट व्हावी तसं. लाल पिंपं. तीच तर सर्वांत महाग.

सगळे पांगल्यावर ती मॅडमच्या खोलीत गेली. कागद उलगडून टेबलावर ठेवला. मॅडमनी चष्मा लावून तो बघितला, तारीख बघितली, मग तिच्याकडे बघितलं.

"ही शंका आहे की आरोप?"

"आरोप."

"शंका मागं घेता येते. आरोप खरा निघाला तर तो इथून जाईल, आणि आधीच्या कॉलेजात त्याला परत घेणार नाहीत. नीट विचार कर."

"केलाय, मॅडम."

"बरं." त्यांनी बोटानं कागदावरचं वळण गिरवलं. "हे तू इतकं आधी काढलंस. मग तुझं स्ट्रेचर का फिरतंय?"

या प्रश्नाची तयारी आत्यानं करून घेतली नव्हती.

"वेळ मिळाला नाही," ती म्हणाली.

"वेळ," मॅडम म्हणाल्या. नुसतंच. मग चष्मा काढून डोळे चोळले. "उद्या सकाळी दोघं या."

घरी आत्या खुशीत होती. "मी काय म्हटलं होतं? आता एकच कर. तो म्हणेल, मी वेलीवर पाहिलं. म्हणू दे. आणि मग म्हण, चला, दाखव! जे नाहीच ते दाखवणार कुठून? तोंडघशी पडेल."

"पण मग मी ते काढलं कसं, असं विचारतील ना मला?"

आत्यानं साखरेचा डबा उघडून आतली रेघ बघितली.

"हात चुकला म्हण," ती शेवटी म्हणाली.


मागून

"पाहिला," पाहुणा म्हणाला. "कागद उचलून पाहिला होता. दोनदा."

मॅडमच्या खोलीत तो दाराजवळच उभा राहिला होता, जणू जायचंच आहे तर आत कशाला यायचं. तिनं मनाशी घोकलेली सगळी वाक्यं एकदम निरुपयोगी झाली. चोर कबूल करतो तेव्हा काय करायचं असतं, हे आत्यानं कधी सांगितलं नव्हतं. आत्याला तसा चोर भेटलाच नसावा.

"का उचललास?" मॅडमनी विचारलं.

"पहिल्यांदा बघायचं होतं, ही रेघा कशा मारते. छान मारते." तो तिच्याकडे न बघता बोलत होता. "दुसऱ्यांदा ते वळण दिसलं. मला वाटलं, हिची चूक झालीय. सांगावं का, असा विचार केला. पण ही माझ्याशी बोलायची नाही. म्हणून आधी खात्री करायला वेलीकडे गेलो."

"आणि?"

"आणि ते होतं."

खोटं, तिच्या मनात आलं. किती सफाईदार खोटं. अर्धा गुन्हा कबूल करायचा आणि उरलेला अर्धा त्याच्याखाली दडवायचा. तिनं पुढं सरकून, ठरवल्याप्रमाणे, ठरवलेल्या आवाजात म्हटलं, "चला, दाखव."

मॅडमनी एकदा दोघांकडे बघितलं आणि शाल घेतली.

आवारात ऊन नुकतंच पोचलं होतं. कुंपण तिला ओळखू येईना. सत्राच्या सुरुवातीला वेल जमिनीलगत घुटमळत होती, आता तिनं सगळ्या तारा व्यापून टाकल्या होत्या. पाहुणा खालच्या तारेपाशी उकिडवा बसला आणि एक पान बाजूला केलं.

दोरा देठापासून निघून तारेपर्यंत गेला होता. अर्धी वेटोळी उजवीकडे. मग एक छोटा सरळ तुकडा. मग अर्धी डावीकडे.

तिनं शेजारचा पाहिला. तोही तसाच. त्याच्या वरचा. त्याच्या पलीकडचा. जितक्या तंतूंनी तार धरली होती तितक्या सगळ्यांच्या मधोमध ते वळण होतं, तिनं हसत हसत काढलेलं. जे अजून हवेत लोंबत होते, ज्यांना काही सापडलं नव्हतं, ते तेवढे एकाच दिशेनं फिरले होते, तिच्या बोर्डावर टाचलेल्यांसारखे.

"दोन्ही टोकं धरलेली असली की याला असंच करावं लागतं," पाहुणा मॅडमना सांगत होता. "मोकळा असतो तेव्हा टोक फिरवून हवं तसं वळता येतं. एकदा धरलं की टोक फिरत नाही. मग जेवढं एका बाजूला वळायचं, तेवढंच दुसऱ्या बाजूला. नाहीतर पीळ बसून तुटेल." तो उठला आणि हात झटकले. "पण हे मला आपणहून दिसलं नसतं, मॅडम. मी रोज यायचो, तरी दिसलं नव्हतं. हिच्या कागदावर बघितलं म्हणून शोधलं. ते हिचंच आहे. तुम्ही म्हणाल तर पट्टा परत घेतो."

मॅडमनी एक तंतू बोटावर घेतला, हलकेच ताणला, सोडला. मग तिच्याकडे वळल्या.

"कागद पाहून नक्कल केली असती तर इथं येऊन मातीत बसायचं त्याला कारण नव्हतं. उचलला ते मात्र चूक, त्याचं मी बघेन," त्या म्हणाल्या. "आता तुझं. तू कुठला पाहून काढलास?"

"म्हणजे?"

"या एवढ्यांतला. तुझ्या कागदावर तारेची गाठसुद्धा आहे. कुठला तो, दाखव."

गाठ तिनं शोभेला काढली होती.

ती कुंपणाच्या कडेनं चालत गेली. बघतेय असं दिसावं म्हणून सावकाश. वरच्या तारेवर, तिच्या डोळ्यांच्या रेषेत, तारेच्या गाठीलाच विळखा घातलेला एक तंतू होता, हिरवागार, नीटस, मधोमध अचूक वळलेला. तिनं बोट केलं.

"हा."

मॅडम जवळ आल्या, वाकून बघू लागल्या. पाहुणाही आला. त्यानं आधी तिच्या बोटाकडे पाहिलं, मग त्या तंतूकडे, मग नजर हळूहळू खाली नेली, वेलीच्या बुंध्यापर्यंत, आणि परत वर आणली. तेवढ्यात तिला कळलं. तिनं कागद ताणला तेव्हा वेल इतकी वर आलीच नव्हती. ज्या शेंड्याला हा तंतू फुटला होता, तो शेंडाच तेव्हा नव्हता. मॅडमना हे माहीत असायचं कारण नव्हतं. रोज येणाऱ्याला होतं.

ती वाट बघू लागली.

"हाच," पाहुणा म्हणाला. "मीपण हाच बघितला होता."

मॅडमनी मान हलवली. "बरं. खुर्चीचं मी दुपारी सांगते," एवढं म्हणून त्या इमारतीकडे निघाल्या. वाळूवर त्यांच्या चपलांचा आवाज होत राहिला.

ती जागची हलली नाही. आता तो काहीतरी मागेल. फुकट कुणी कुणाच्या तोंडात साखर घालत नाही. खुर्ची मागेल, किंवा गप्प राहण्याचं काहीतरी, किंवा नुसतंच हसेल आणि ते हसणं वर्षभर पुरवून वापरेल. ती त्याच्या चेहऱ्यावर ते शोधू लागली, आरशात शोधायची तसं, फक्त आता आरसा नव्हता.

"काय हवंय तुला?" ती म्हणाली.

"मला?"

"खोटं बोललास ना तू आत्ता."

"हो." त्यानं मान खाजवली. ओशाळला असावा. "तू घाबरलेली दिसलीस."

"तेवढ्यासाठी?"

"तेवढ्यासाठी काय, तोंडातून गेलं. एक विचारू पण?" तो एकदम उत्सुक झाला, लहान मुलं विचारतात तसा, पुढं झुकून. "तू इथं आलीच नव्हतीस. मला कधी दिसली नाहीस. तरी तुझं वळण बरोबर निघालं. एवढंच मला कळत नाहीये. तू ते काढलंस तरी कशावरनं?"

तिनं त्या प्रश्नाला आतून बाहेरून चाचपून पाहिलं. कुठं गळ लागेना. त्याला खरंच तेवढंच जाणून घ्यायचं होतं.

"तुझ्यावरनं," ती म्हणाली.

त्याला कळलं नाही. तो तसाच बघत राहिला, पुढचं वाक्य येईल म्हणून. मॅडम एव्हाना पायऱ्यांपाशी पोचल्या होत्या. एक हात त्यांनी दाराला लावला होता. खुर्चीचं ठरायच्या आत त्यांना गाठायला ती कुंपणापासून निघाली, आधी चालत, मग जरा भराभर.